सर्व्हिस बुकातला रिकामा चौकोन

ज्यांना लोकलच्या गर्दीत इअरफोन लावता येत नाहीत, त्यांच्यासाठी हा भाग नेहमीप्रमाणे लिहून काढलाय. बोलताना माझं 'म्हणजे कसं आहे ना' फार होतं, ते तेवढं छाटलंय. बाकी जसं बोललो तसं.

आज सुरुवात घाटात करू या.

मागच्या मे महिन्यात आम्ही महाबळेश्वरहून पोलादपूरकडे उतरत होतो. आंबेनळी घाट. गाडी सात वर्षं जुनी, मी सेकंड हँड घेतलेली. मागे आई-बाबा, पुढे मी आणि बायको, डिकीत स्ट्रॉबेरीच्या जॅमच्या बाटल्या आणि काय काय. मी शहाणा माणूस, उतारावर चौथ्या गिअरमध्ये आणि पाय सतत ब्रेकवर. अर्धा घाट उतरल्यावर एका वळणाआधी ब्रेक दाबला आणि पेडल मऊ लागलं. मऊ म्हणजे स्पंजावर पाय ठेवल्यासारखं. पुन्हा दाबलं तर आणखी खाली गेलं. गाडी थांबेना. मी तिसरा टाकला, दुसरा टाकला, इंजिन किंचाळलं, हँडब्रेक हळूहळू ओढत गाडी डोंगराच्या बाजूला घेतली. आई म्हणाली, "अरे, मध्येच का थांबलास?" मी म्हटलं, "चहा पिऊ या." तिथे चहाची टपरीही नव्हती.

खरी भीती वाटली ती नंतर. अर्ध्या तासानं पेडल दाबून बघितलं तर ते एकदम कडक, नेहमीसारखं. जणू काही झालंच नव्हतं.

दुसऱ्या गिअरमध्ये रांगत पोलादपूरला पोचलो. हायवेलगतच्या एका गॅरेजमध्ये साठीचे एक मेकॅनिक होते. त्यांनी बॉनेट उघडलं, ब्रेक ऑइलच्या डबीचं झाकण काढलं, सिरिंजनं थोडं ऑइल ओढून काचेच्या ग्लासात टाकलं. कोऱ्या चहासारखं काळपट. शेजारी नव्या बाटलीतलं ओतलं, ते फिकट पिवळं. विचारलं, "दादा, हे कधी बदललंय?"

मी जरा अभिमानानंच सांगितलं, की इंजिन ऑइल मी दर वेळी वेळेवर बदलतो. ते म्हणाले, "ते नाही विचारलं. पुस्तक आहे का गाडीचं?"

डॅशबोर्डच्या कप्प्यातून सर्व्हिस बुक काढलं. मागच्या पानांवर तो तक्ता असतो ना, कुणी वाचत नाही तो. त्यात एक ओळ होती: ब्रेक फ्लुइड, दर 2 वर्षांनी किंवा 40,000 किलोमीटरला, जे आधी होईल ते. सात वर्षांत तीन चौकोनांत शिक्के असायला हवे होते. तिन्ही रिकामे.

घरी आल्यावर माझ्या डोक्यात एकच प्रश्न: ही ओळ लिहिली कुणी? 'दर 2 वर्षांनी' कुठून आलं? पाच हजार, दहा हजार, चाळीस हजार हे आकडे कुणी कधी ठरवले? खोदत गेलो, आणि हा भाग तयार झाला. मला जे सापडलं ते असं, की त्या तक्त्यातली जवळजवळ प्रत्येक ओळ ही कुठेतरी काहीतरी बिघडल्याची नोंद आहे. आणि ज्या ओळी तक्त्यातून गायब झाल्या, त्यांच्यामागची गोष्ट तर आणखी भारी आहे.

गंमत बघा, मोटारगाडीच्या इतिहासातला पहिला लांबचा प्रवास ही मेंटेनन्सचीच गोष्ट आहे. ऑगस्ट 1888. कार्ल बेंझच्या तीनचाकी गाडीला पेटंट मिळून दोन वर्षं झालेली, पण लोक ती घेईनात. त्याची बायको बर्था बेंझ दोन मुलांना घेऊन पहाटे जर्मनीतल्या मानहाइमहून निघाली आणि शंभरहून जास्त किलोमीटरवरच्या फोर्त्सहाइमला, आपल्या माहेरी पोचली. नवऱ्याला न सांगता. वाटेत पेट्रोलची नळी तुंबली ती तिनं टोपीच्या पिनेनं मोकळी केली, इग्निशनच्या तारेला मोज्याच्या बंदानं इन्सुलेशन केलं, असं सांगितलं जातं. इंधन घेतलं ते वीसलोख गावातल्या औषधाच्या दुकानातून, कारण पेट्रोलपंप नावाची गोष्टच नव्हती. आणि उतारावर ब्रेकचे लाकडी ठोकळे झिजले, तेव्हा एका चांभाराकडून त्यावर कातडं मारून घेतलं. बदलता येणारं ब्रेक लायनिंग म्हणतात ते इथून सुरू झालं. बर्थाताईंनाही उतारानंच पकडलं होतं, हे वाचून मला जरा बरं वाटलं.

पण बर्थानं केलं ते वाटेत पडलं म्हणून दुरुस्त केलं. आपण ज्याला सर्व्हिसिंग म्हणतो ते वेगळं आहे. काही बिघडलेलं नसताना, गाडी झकास चालत असताना, ठरलेल्या आकड्याला पैसे घालवणं. हा प्रकार माणसाच्या स्वभावाच्या विरुद्धच आहे. तो रुजला गाड्या लाखोंनी विकल्या जायला लागल्यावर, जेव्हा चालवणाऱ्याला आत काय आहे हे ठाऊक असण्याची खात्री उरली नाही.

फोर्डची मॉडेल टी, 1908 ते 1927, दीड कोटीहून जास्त गाड्या. शेतकऱ्यांनी घेतलेली गाडी. तिच्यात ऑइल पंप नव्हता आणि ऑइल फिल्टरही नव्हता. खालच्या भांड्यातलं ऑइल फिरत्या चाकानं उडायचं, त्यातलं थोडं एका नळीतून पुढे जायचं आणि उरलेलं शिंतोडे उडवून सगळीकडे पसरायचं. ऑइल किती आहे हे बघायचं तर गाडीखाली हात घालून दोन छोटे नळ उघडायचे. वरच्यातून ऑइल आलं तर पुरेसं आहे, खालच्यातूनही आलं नाही तर संपलं. आणि फोर्डचं पुस्तक काय सांगायचं? नवी गाडी 400 मैल चालली की ऑइल काढून टाका, त्यानंतर दर 750 मैलांनी. 750 मैल म्हणजे जेमतेम 1,200 किलोमीटर!

आज बऱ्याच पेट्रोल गाड्यांच्या पुस्तकात 10,000 किलोमीटर किंवा एक वर्ष असं लिहिलेलं असतं. बाराशेचे दहा हजार झाले कसे?

पहिलं कारण फिल्टर. 1920 च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत अर्नेस्ट स्वीटलँडनं गाडीसाठी ऑइल फिल्टर बनवला. नाव ठेवलं प्युरोलेटर, म्हणजे इंग्रजीत 'प्युअर ऑइल लेटर'चा जोड. तोवर धूळ, धातूचा कीस, काजळी सगळं ऑइलबरोबर बेअरिंगमधून फिरत राहायचं. रस्ते कच्चे, एअर फिल्टर नावापुरता किंवा नाहीच. मग ऑइल बदलणं हाच फिल्टर.

दुसरं कारण ऑइलमध्ये मिसळलेली रसायनं. 1930 च्या दशकात मोठ्या डिझेल इंजिनांत पिस्टनच्या रिंगा चिकट थराखाली अडकून बसायला लागल्या, तेव्हा तेल कंपन्यांनी ऑइलमध्ये डिटर्जंट घालायला सुरुवात केली. हो, आपण कपड्यांना वापरतो त्याच अर्थाचा शब्द. डिटर्जंट काजळीला धातूवर बसू देत नाही, ऑइलमध्येच तरंगत ठेवतो. म्हणून ऑइल काळं पडतं. गल्लीतला मित्र काडी बाहेर काढून म्हणतो ना, "भाई, काळं झालं, गेलं ऑइल"? काळं झालं म्हणजे ते काम करतंय, एवढंच त्यातून कळतं. गेलं की नाही ते रंगावरून कळत नाही.

तिसरं कारण कार्बोरेटर गेला. चोक ओढून गाडी सुरू केलेली ज्यांनी बघितलीय ते हात वर करा. कुणी नाही? ठीक आहे. थंड इंजिनाला जास्तीचं पेट्रोल पाजावं लागायचं, त्यातलं न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळत खाली ऑइलमध्ये जायचं आणि ऑइल पातळ करायचं. कॉम्प्युटरनं मोजून पेट्रोल मारणारं इंजेक्शन आलं आणि हा प्रकार खूप कमी झाला. 'किंवा एक वर्ष' हे शेपूट मात्र अजून याच कारणासाठी आहे. रोज दोन किलोमीटर स्टेशनपर्यंत जाऊन परत येणाऱ्या गाडीचं इंजिन नीट तापतच नाही. आत जमलेलं पाणी, पेट्रोल उडून जात नाही. अशी गाडी वर्षाला तीन हजार चालली तरी तिचं ऑइल थकलेलं असतं.

गंमत म्हणजे आकडे पुढे गेले, माणसं मागेच राहिली. अमेरिकेत 'दर 3,000 मैलांनी ऑइल' हा मंत्र इतका पक्का बसला, की कॅलिफोर्निया राज्यानं पुढे मोहीम काढून लोकांना सांगितलं: बाबांनो, स्वतःच्या गाडीचं पुस्तक बघा, उगाच ऑइल वाया घालवू नका. आपल्याकडचा तसाच मंत्र म्हणजे पाच हजार. माझे बाबा अजून पाच हजारला ऑइल बदलतात. पुस्तकात दहा लिहिलंय हे दाखवलं तर म्हणतात, "पुस्तक लिहिणाऱ्यानं आपले रस्ते बघितलेत का?" यात थोडं तथ्य आहे, कारण बहुतेक पुस्तकांत बारीक अक्षरांत असतंच, की धुळीत, ट्रॅफिकमध्ये, कडक उन्हात चालवत असाल तर अंतर कमी करा. आता मला सांगा, महाराष्ट्रात यातलं काहीच लागू होत नाही अशी गाडी कुठली?

आता बाबांवर आलोच आहोत तर त्यांच्या वहीवर येऊ.

आमच्याकडे प्रीमियर पद्मिनी होती. बाबांनी 1986 साली सेकंड हँड घेतलेली. ही गाडी आपल्या कुर्ल्याची, बरं का. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, आधी अमेरिकन डॉज-प्लिमथ जोडल्या, मग 1950 च्या दशकात इटलीच्या फियाटशी करार करून 1100 बनवायला घेतली. तीच पुढे 1970 च्या दशकात पद्मिनी झाली. 1,089 सीसी इंजिन, गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर, चारही चाकांना ड्रम ब्रेक.

बाबांची वही लाल कापडी बांधणीची. डावीकडे तारीख आणि किलोमीटर, उजवीकडे काय केलं ते. ती वाचताना मला अर्ध्या नोंदी कळेनात. 'पॉइंट घासले.' 'टॅपेट.' 'प्लग साफ, गॅप.' 'किंगपिन ग्रीस.' 'कार्बोरेटर उघडून साफ.' या ओळी दर दोन-तीन महिन्यांनी परत परत. माझ्या गाडीच्या पुस्तकात यातल्या बहुतेक नाहीतच. कुठे गेल्या?

पॉइंटची गोष्ट सांगतो, कारण ती मला सगळ्यात आवडली. प्लगला ठिणगी द्यायची तर विजेचा प्रवाह एकदम तोडावा लागतो. हे काम डिस्ट्रिब्युटरमधले धातूचे दोन छोटे ठिपके करायचे, उघड-मीट, उघड-मीट. चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला 3,000 फेरे फिरत असेल, तर हे ठिपके मिनिटाला 6,000 वेळा उघडतात. म्हणजे सेकंदाला शंभर वेळा. प्रत्येक वेळी बारीकशी ठिणगी ठिपक्यांवरच उडते, धातू जळतो, खड्डा पडतो, दुसरीकडे उंचवटा येतो. मग रविवारी सकाळी बाबा खाली जायचे, झाकणाच्या क्लिपा काढायचे, पॉलिश पेपरनं ठिपके घासायचे आणि फीलर गेज, म्हणजे पातळ पोलादी पट्ट्यांचा जुडगा, त्यातली पट्टी घालून फट मोजायचे. फट चुकली की गाडी पावसात हमखास बंद. 1910 च्या सुमारास अमेरिकेत चार्ल्स केटरिंगनं बसवलेली ही पद्धत आपल्या बिल्डिंगच्या आवारात अजून जिवंत होती. इलेक्ट्रॉनिक इग्निशन आलं, हलणारे ठिपकेच गेले, आणि ती ओळ तक्त्यातून पुसली गेली. रविवारची सकाळही गेली म्हणा.

प्लगची गोष्ट मात्र निव्वळ इंजिनिअरिंगची नाही. बाबांच्या वहीत प्लग सारखे साफ होतात. आजचे चांगले इरिडियम प्लग एक लाख किलोमीटरपर्यंत हात लावावा लागत नाही असे असतात. प्लगचा धातू सुधारला हे खरं, पण प्लगवर जे साचायचं तेही गेलं. आणि ते होतं शिसं. 1921 साली जनरल मोटर्समध्ये थॉमस मिजलीला सापडलं, की पेट्रोलमध्ये शिशाचं एक संयुग घातलं तर इंजिनाचं ठोकणं थांबतं. स्वस्त आणि सोपं. पण ते शिसं आत साचून राहू नये म्हणून सोबत ब्रोमीनची आणि क्लोरीनची रसायनं घालावी लागली, त्यांची आम्लं बनली, सायलेन्सर आतून खाल्ला गेला, प्लगवर थर बसले. आणि उरलेलं शिसं नळीतून बाहेर आपल्या तोंडावर. रस्त्यावर खेळणाऱ्या मुलांच्या रक्तात.

भारतात 1 एप्रिल 1995 पासून चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बंधनकारक झाला. शिसं लागलं की तो निकामी होतो, म्हणून त्याच्यासाठी बिनशिशाचं पेट्रोल आलं. आणि 1 फेब्रुवारी 2000 पासून देशभर पेट्रोलमधून शिसं गेलं. सर्व्हिसच्या पुस्तकातली प्लगची ओळ लांबली ती अशी थोडी इंजिनिअरांमुळे आणि थोडी कोर्टकचेऱ्या नि प्रदूषणाविरुद्धच्या लढ्यामुळे. वहीतल्या 'प्लग साफ' या दोन शब्दांमागे हे सगळं आहे, हे बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "मी ते प्लग दातात धरून साफ करायचो."

आम्ही दोघं जरा वेळ गप्प बसलो.

पद्मिनीच्या काळातली एक गोष्ट विसरू नका. नवी गाडी मिळायला वर्षानुवर्षं थांबावं लागायचं. त्यामुळे हातातली गाडी टिकवणं हा छंद नव्हता, गरज होती. ऑपेरा हाऊसची स्पेअर पार्टची दुकानं आणि कुर्ल्याचं भंगार मार्केट यावर मुंबईतली अर्धी वाहतूक उभी होती. काळी-पिवळी टॅक्सी पद्मिनी ऑक्टोबर 2023 अखेर मुंबईच्या रस्त्यावरून गेली, तीही वीस वर्षांची वयोमर्यादा संपली म्हणून. फुटपाथवर बसणाऱ्या मेकॅनिकनी त्या इतक्या वर्षं चालवल्या. त्यांच्याकडे कसलंही बुक नव्हतं, आवाज ऐकून सांगायचे.

14 डिसेंबर 1983 ला पहिल्या मारुती 800 ची चावी दिली गेली आणि हे हळूहळू बदललं. 47,500 रुपयांची ती गाडी, तिच्याबरोबर फ्री सर्व्हिसची कुपनं: हजार, पाच हजार, दहा हजार. कुपन फाडून द्यायचं, शिक्का मारून घ्यायचा. आपल्याकडच्या मध्यमवर्गाला 'शेड्यूल' ही कल्पना या कुपनांनी शिकवली असं माझं मत आहे. सवय चांगलीच होती. पण कुपनाबरोबर एक अटही आली: शिक्का अधिकृत ठिकाणचा नसेल तर वॉरंटी नाही. पुस्तक आता सल्ला देणारं राहिलं नाही, पुरावा झालं.

अमेरिकेनं यावर 1975 मध्येच कायदा केला, की आमचाच पार्ट किंवा आमचंच गॅरेज वापरा, नाहीतर वॉरंटी रद्द, अशी अट कंपनीला सरसकट घालता येणार नाही. आपल्याकडे 2011 साली एका ग्राहकानं स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली, की बाहेरच्या गॅरेजला अस्सल स्पेअर पार्ट आणि तपासणीची साधनं मिळूच देत नाहीत. 25 ऑगस्ट 2014 ला आयोगानं 14 कार कंपन्यांना मिळून 2,544.65 कोटी रुपयांचा दंड ठोठावला. पुढे अपिलं वगैरे झाली, तो वेगळ्या भागाचा विषय आहे. पण आयोगाचं मुख्य म्हणणं लक्षात ठेवा: गाडी तुम्ही घेतली, तर ती कुठे दुरुस्त करायची हेही तुम्हाला ठरवता आलं पाहिजे.

आता परत घाटात.

सुरुवातीच्या गाड्यांना ब्रेक लागायचे ते रॉड आणि केबलनं. चारही चाकांना सारखा ताण येणं फार अवघड, एक चाक आधी धरायचं आणि गाडी तिकडे ओढायची. म्हणून तेव्हाच्या कामाच्या यादीत 'ब्रेकचे रॉड जुळवणं' ही मोठी ओळ होती. माल्कम लॉकहीडनं द्रवाच्या दाबावर चालणारे ब्रेक बनवले, 1921 मध्ये अमेरिकेतल्या ड्युसेनबर्ग गाडीच्या चारही चाकांना ते आले. द्रव दाबला की दाब सगळीकडे सारखा जातो, जुळवाजुळव नको. रॉडची ओळ गेली. पण तिच्या जागी द्रव आला आणि द्रवाची स्वतःची ओळ आली.

सुरुवातीला ब्रेकच्या नळ्यांत काय घालायचे माहितीय? एरंडेल आणि अल्कोहोल. आजीच्या कपाटातलं एरंडेल! नंतर ग्लायकॉलवर आधारलेले द्रव आले, तेच आजही बहुतेक गाड्यांत असतात. त्यांचा एक स्वभाव आहे: ते हवेतलं पाणी पितात. रबरी पायपातून, झाकणातून, कणाकणानं. तुम्ही म्हणाल, असला द्रव निवडला कशाला? कारण पाणी तर कसंही आत शिरणारच. द्रवानं ते प्यायलं नाही, तर त्याचे वेगळे थेंब सगळ्यात खालच्या जागी, म्हणजे चाकाजवळ जाऊन बसतील. तिथे गंज आणतील आणि 100 अंशाला उकळतील. त्यापेक्षा द्रवात विरघळून पसरलेलं बरं.

पण विरघळलेल्या पाण्याचीही किंमत असते. डॉट 3 दर्जाचं नवं ब्रेक ऑइल किमान 205 अंशांपर्यंत उकळता कामा नये असा नियम आहे. त्यात साधारण 3.7 टक्के पाणी मुरलं की हीच मर्यादा 140 वर येते. डॉट 4 चे आकडे 230 आणि 155. चार थेंब पाण्यानं पासष्ट ते पंच्याहत्तर अंश खाल्ले.

आता हिशोब करा. महाबळेश्वर ते पोलादपूर गाडी हजार-बाराशे मीटर खाली येते. माणसं-सामान धरून गाडी बाराशे किलोची. ही सगळी शक्ती कुठेतरी जायला हवी. ती सगळी ब्रेकमध्ये गेली, तर चाळीसेक लिटर पाण्याला उकळी आणेल एवढी उष्णता होते. प्रत्यक्षात बरीच हवा खाते, आणि चालवणारा शहाणा असेल तर इंजिनही खातं. मी शहाणा नव्हतो. माझ्या सात वर्षं पाणी प्यायलेल्या द्रवात चाकाजवळ बुडबुडे झाले. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. माझा पाय ब्रेक दाबत नव्हता, बुडबुडे दाबत होता. अर्ध्या तासात चाकं थंड झाली, वाफेचा पुन्हा द्रव झाला, पेडल कडक झालं. कुठलाही पुरावा न ठेवता.

म्हणून या ओळीत किलोमीटरपेक्षा महिने महत्त्वाचे. गाडी उभी असली तरी पाणी मुरतंच, आणि कोकणातल्या पावसाळ्यात तर बघायलाच नको.

मग मी बाबांच्या वहीत ब्रेक शोधले. नोंदी सापडल्या, पण तारखा विचित्र. 1987 ऑगस्ट. 1988 सप्टेंबर. 1989 ऑगस्ट. दर वर्षी एकदाच, 'ब्रेक ऑइल नवीन, एअर काढली'. किलोमीटरचा काही मेळ नाही. विचारलं, तर म्हणाले, "गणपतीला गावी जायचं असायचं ना. कशेडी उतरायचा असायचा, मागे तुम्ही पोरं. त्याआधी करूनच घ्यायचो." कुणी सांगितलं होतं? "आमच्या मेकॅनिकनं. का ते नाही सांगितलं. दर गणपतीआधी कर म्हणाला, मी केलं."

परवा एका मित्राची इलेक्ट्रिक गाडी बघायला गेलो. सवयीनं आधी सर्व्हिसचा तक्ता उघडला. इंजिन ऑइल नाही, प्लग नाही, ऑइल फिल्टर नाही. पान अर्धं रिकामं. ब्रेक फ्लुइडची ओळ मात्र आहे.

माझ्या पुस्तकातला चौथा चौकोन येईल तेव्हा येईल. तिसऱ्यात पोलादपूरच्या त्या काकांनी बॉलपेननं तारीख घालून सही केलीय. बिल साडेसहाशे झालं होतं. नंतर सर्व्हिस सेंटरला गेलो तेव्हा काउंटरवरचा मुलगा स्क्रीन बघून म्हणाला, "सर, ब्रेक ऑइल आमच्या सिस्टीममध्ये पेंडिंग दाखवतंय." मी पुस्तक पुढे केलं. तो म्हणाला, "याच्यावर शिक्का नाहीये."

मी म्हटलं, असू दे.

तुमच्या घरी आई-बाबांची, आजोबांची गाडीची अशी वही असेल तर एका पानाचा फोटो नक्की पाठवा. नोंदी कळल्या नाहीत तरी चालेल, आपण मिळून लावू. भेटू पुढच्या भागात.